रेडिओवरच्या होडीचे ताठ शीड

कापडी शीड वाऱ्याने फुगते तेव्हाच त्याला आकार येतो, आणि दोर किती ताणला आहे यावर तो आकार टिकतो किंवा बिघडतो. ताठ शिडाला आकार आधीपासूनच असतो. विमानाचा पंख उभा करून डोलकाठीच्या जागी बसवला की ताठ शीड झाले. फरक इतकाच की विमानाच्या पंखाची वरची बाजू बहुधा जास्त फुगीर असते, तर शिडाच्या दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्या लागतात, कारण होडीला वारा कधी डावीकडून मिळतो, कधी उजवीकडून. अमेरिका कप शर्यतीत १९८८ साली अमेरिकेने असे शीड लावलेली जोडहोडी उतरवली. २०१० मध्ये जिंकलेल्या अमेरिकन नौकेचे ताठ शीड सुमारे ६८ मीटर उंच होते. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर प्रत्येकी साडेसदतीस मीटर उंचीचे दोन पंख बसवण्यात आले, ते इंधन वाचवण्यासाठी.

या सगळ्यांची किंमत पाहिली तर ताठ शीड हा श्रीमंतांचा खेळ वाटतो. पाऊण मीटरहून कमी लांबीच्या, रेडिओने चालणाऱ्या होडीसाठी मात्र ते पॅकिंगचा थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि चिकटपट्टी यांतून उभे राहते. एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. लहान होडीवर ताठ शीड लावल्याने वेग फारसा वाढत नाही. पंखाची कार्यक्षमता त्याच्या रुंदीवर आणि वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असते. ही दोन्ही मापे हवेच्या चिकटपणाशी ताडून जो आकडा काढतात त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. विमानाच्या पंखासाठी तो काही दशलक्षांत असतो. १६ सेंटिमीटर रुंदीचे शीड सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात उभे केले तर तो जेमतेम ४३ हजार भरतो. इतक्या खालच्या पातळीवर हवा पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, लवकर सुटते, आणि चांगले कापलेले कापडी शीडही पंखाच्या बरोबरीने काम करते. ताठ शिडाचा खरा फायदा वेगळा आहे. ते स्वतःच वाऱ्याकडे वळते.

शहापूर तालुक्यातल्या खर्डीच्या परिसरात या गुणाला महत्त्व येते. कल्याण-कसारा लोहमार्गावरचे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगराळ भागात आहे. एका अंगाला भातसा, दुसऱ्या अंगाला तानसा आणि वैतरणेचे जलाशय. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून भरून येतो. हिवाळ्यातल्या सकाळी तो डोंगराकडून खाली उतरतो आणि दुपारनंतर बहुधा दिशा बदलतो. टेकड्यांनी वेढलेल्या पाण्यावर मिनिटाला एकदा झुळूक फिरते. कापडी शिडाच्या होडीवर अशा वेळी काठावरच्या माणसाला दर वेळी दोर सोडावा-आवळावा लागतो, तोही पन्नास मीटरवरून, वारा नेमका कुठून आला याचा अंदाज घेत. मोकळ्या फिरणाऱ्या पंखाला ही मदत लागत नाही.

त्यामागची युक्ती शेपटीत आहे. पंख त्याच्या रुंदीच्या पुढून पाव भागावर एका उभ्या आसावर बसवतात. समान बाजूंच्या पंखावरचे हवेचे बल साधारण याच रेषेतून जाते, म्हणून पंखाला स्वतःहून कुठल्याही बाजूला वळण्याचे कारण उरत नाही. पंखाच्या मागे एका दांडीवर छोटी उभी शेपटी लावली की ती वातकुक्कुटासारखी वाऱ्याच्या रेषेत यायला बघते. शेपटी पंखाच्या रेषेतच असेल तर पंखही वाऱ्याच्या रेषेत येतो आणि काहीच बल निर्माण करत नाही. शेपटी १२ अंश वळवली तर ती वाऱ्याच्या रेषेत राहते आणि पंख वाऱ्याला तिरका धरला जातो. पंखावरून गेलेली हवा थोडी वळलेली असल्यामुळे प्रत्यक्षात तो कोन शेपटीच्या कोनाहून थोडा वेगळा भरतो. या आकाराच्या पंखाला तेवढा पुरतो. आता वारा वीस अंशांनी फिरला तर शेपटी फिरते आणि तिच्याबरोबर पंखही. रेडिओचा खटका दाबावा लागत नाही.

चालवणाऱ्याकडे त्यामुळे तीनच सूचना उरतात : शेपटी डावीकडे, उजवीकडे, मध्ये. होडीने वाऱ्याच्या तोंडावरून बाजू बदलली की शेपटीचीही बाजू बदलायची. थांबायचे असेल तर ती मध्ये आणायची. सुकाणूसाठी एक सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या सूचनेवर वळणारी छोटी मोटर, आणि शेपटीसाठी एक, एवढ्यावर काम भागते. कापडी शिडाचा दोर ओढायला दमदार आणि महाग विंच लागतो. शेपटी वळवायला मात्र नऊ ग्रॅम वजनाचा, शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा सर्व्हो चालतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत तो सहज सापडतो. सगळ्या होडीत महाग काय असेल तर रेडिओचा संच, आणि तो कुठलेही शीड लावले तरी लागतोच.

मापांसाठी रेडिओ नौकांच्या ‘आरजी-६५’ वर्गाचा आधार घेता येतो. त्यात होडीची लांबी जास्तीत जास्त ६५ सेंटिमीटर आणि शिडाचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त ०.२२५ चौरस मीटर असते. ताठ शीड याहून लहान घ्यावे, कारण ते गुंडाळून किंवा दुमडून कमी करता येत नाही. ८० सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर रुंद, सरळ आयताकृती पंख सोयीचा पडतो. टोकाकडे निमुळता पंख देखणा दिसतो, पण त्यासाठी कापण्याचे दोन वेगवेगळे साचे लागतात. शिवाय आयताकृती पंखावरची हवा आधी तळाकडे सुटते, टोकाकडे नंतर, त्यामुळे होडी एकदम दगा देत नाही.

पंखाच्या छेदासाठी अमेरिकेच्या नाका या संस्थेने १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या मालिकेतला ००१५ हा आकार घ्यावा. पहिली दोन शून्ये म्हणजे वाक नाही, आणि १५ म्हणजे जास्तीत जास्त जाडी रुंदीच्या १५ टक्के. कमी वाऱ्यात १२ टक्क्यांचा पातळ छेद थोडा बरा चालतो, पण त्यात आसाची नळी बसवायला जागा तोकडी पडते. १६० मिलिमीटर रुंदीसाठी पुढच्या कडेपासून १६ मिलिमीटरवर जाडी सुमारे १९, ४८ वर २४, ८० वर २१, ११२ वर १५ आणि १४४ वर ६ मिलिमीटर येते. हे बिंदू हाताने गोलसर जोडले तरी चालते. पुढची कड मात्र टोकदार होऊ देऊ नये. ती टोकदार झाली की हवा तिथेच सुटते. पुढच्या कडेपासून दीडेक सेंटिमीटरवर दोन्ही अंगांना सुताचा एकेक दोरा चिकटवला तर हवेचा थर किंचित खळबळतो आणि जास्त वेळ पृष्ठभागाला धरून राहतो. दिसायला हे ओबडधोबड वाटते, पण मंद वाऱ्यात त्याचा उपयोग होतो.

महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरे बंद झाली, तरी फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतून थर्माकोलचे ठोकळे घरात येतच असतात. ते एकमेकांना जोडून ८० सेंटिमीटरचा ठोकळा करावा. सुताराकडे सनमायकाचे तुकडे पडलेले असतात. त्यांतून छेदाचे दोन साचे कापून ठोकळ्याच्या दोन टोकांना लावावेत, आणि दोघांनी मिळून तापलेली नायक्रोमची तार साच्यांवरून सावकाश फिरवावी. हे काम उघड्या अंगणात करावे, कारण थर्माकोलचा धूर विषारी असतो. रबर-सोल्युशनच्या जातीचा गोंद थर्माकोल विरघळवून टाकतो, म्हणून पांढरा फेव्हिकॉलच वापरावा.

नुसता थर्माकोल वाकतो. जाडी सर्वांत जास्त असते त्या रेषेत दोन्ही अंगांना खाच पाडून बांबूची एकेक कामटी बसवली की पंख ताठ होतो. सह्याद्रीच्या या उतारांवर वाढणारा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो. पतंगाच्या कामटीसारखा तो पातळ चिरता येतो आणि पेरापाशी तुटत नाही. कामटी पूर्ण वाळलेली हवी. ओली असली तर दोन आठवड्यांत पंखाला पीळ पडतो. शेवटी पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी मागच्या धारेकडून पुढच्या कडेकडे, कौले शाकारावीत तशी, एकावर एक थोडी चढवत लावायची. दोन्ही अंगांना ताण सारखा ठेवला नाही तर पंख सावकाश एका बाजूला वळतो.

भरीव थर्माकोलचा आणखी एक फायदा होतो. या पंखाचे आकारमान सुमारे दोन लिटर भरते. होडी आडवी झाली तर पाण्यात टेकलेला पंख तिला पूर्ण उलटी होऊ देत नाही आणि खालचे शिशाचे वजन तिला परत उभी करते. फासळ्यांवर कागद ताणून केलेला पंख हलका आणि सुबक असतो, पण एकदा पाणी शिरले की तो निकामी.

स्वस्तातल्या पंखात खरी मेहनत तोल साधण्यात आहे, आणि हौशी मंडळी नेमके हेच टाळतात. आसाच्या मागे जास्त वजन राहिले तर होडी झुकताच पंख आपल्या वजनाने खाली वळतो आणि शेपटीचे ऐकत नाही. हिशेब सोपा आहे. पंख ९० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य आसामागे २.४ सेंटिमीटर : २१६. शेपटीची दांडी ८ ग्रॅम, १६ सेंटिमीटरवर : १२८. शेपटी १२ ग्रॅम, ३२ सेंटिमीटरवर : ३८४. बेरीज ७२८. आसापुढे १४ सेंटिमीटरवर ५२ ग्रॅमचे वजन लावले की दोन्ही बाजू जुळतात. त्यासाठी मासेमारीच्या जाळ्याची शिशे चांगली. सगळा जोड आडवा धरून आसावर मोकळा सोडला आणि तो कुठल्याही बाजूला फिरला नाही, तर तोल बरोबर साधला आहे.

आसासाठी आठ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी होडीत पक्की रोवून पंख तिच्यावर फिरता ठेवतात. सेकंदाला एक मीटरच्या मंद वाऱ्यात शेपटीचा जोर वीस-पंचवीस ग्रॅम-सेंटिमीटर एवढाच असतो, आणि पंख साध्या वॉशरवर टेकला तर त्यातला निम्मा घर्षणातच जातो. स्केटच्या चाकात किंवा फिजेट स्पिनरमध्ये येणारे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग आतून बरोबर आठ मिलिमीटरचे असते. त्यातले ग्रीस धुऊन पातळ तेलाचा एक थेंब सोडला की ते फुंकरीने फिरते. शेपटीची तार बाहेरून नेली तर पंख गोल फिरताना गुंडाळली जाते. म्हणून सर्व्हो होडीतच ठेवून त्याची सळई नळीच्या पोकळीतून वर काढतात. सळई वर-खाली होते आणि पंखातल्या छोट्या काटकोनी तरफेने शेपटी डावी-उजवीकडे वळते.

सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात हा पंख सुमारे ९० ग्रॅम वजनाइतके बल देतो. ३० सेंटिमीटर खोल ७०० ग्रॅम शिसे टांगलेली होडी त्यात पंधरा अंश झुकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बल चौपट होते, म्हणून ६ मीटरला झुकाव पस्तीस अंशांच्या आसपास जातो आणि ८ मीटरला ती आडवीच पडते. जोराची झुळूक येताना दिसली की शेपटी मध्ये आणणे हाच उपाय.

चाचणीसाठी भातसा-तानसा जवळ असले तरी ते मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत, तिथे होडी उतरवता येत नाही. गावतळे किंवा पाझर तलाव पुरतो. होडी आधी पंखाशिवाय, नुसती सुकाणूवर ढकलून सरळ जाते का पाहावी. मग पंख लावून, शेपटी मध्ये ठेवून, दोरीला बांधून वाऱ्यात सोडावी. पंख वाऱ्याकडे तोंड करून स्थिर राहिला तरच दोरी सोडायची. काठावर होडी ठेवताना पंख मोकळाच ठेवतात. तो दोरीने बांधला की साधी झुळूकही होडी उचलून टाकते. नेताना तो काढूनच न्यावा.

पावसाळ्याच्या तोंडावरच्या वाऱ्यासाठी ८० ऐवजी ५० सेंटिमीटरचा दुसरा पंख त्याच साच्यांवर कापून ठेवावा. मोठ्या समुद्रातही हाच मार्ग पत्करला गेला आहे. अमेरिकेतल्या सेलड्रोन कंपनीची एसडी-१०२० ही माणसाविना चालणारी, शेपटीच्या ताठ पंखाची नौका २०१९ मध्ये १९६ दिवसांत अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घालून आली, तेव्हा तिच्यावर नेहमीचा उंच पंख नव्हता. दक्षिण महासागराच्या वाऱ्यासाठी मुद्दाम बुटका आणि रुंद पंख बनवला होता.