पाढे की खेळ?
(लेखमाला : शाळेच्या दोन वाटा – लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण पंतोजींच्या शाळेत होतो. तिथली छडी आपण मागे टाकली, ते बरंच झालं; 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेवर बंदीच घातली आहे. पण छडीबरोबर पाठांतरही हद्दपार करायचं का, यावर अजून जुंपते. वसईतल्या नंदाखालसारख्या गावात तर एकाच घरात. फुलं, केळी, भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या पिढीचा हिशेब तोंडी असायचा. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे जिभेवर. नातू मात्र शाळेतून कागदाची घडी घालून केलेलं फूल घेऊन येतो आणि आजोबा विचारतात, “अरे, पण आज शिकवलं काय?”

आजोबांचा प्रश्न जुनाट म्हणून उडवून लावू नये. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर सापडतं.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं. 1936मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या मुलांना मिळतं ते खेड्यातल्या मुलांना का नाही, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं राहिलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि जन्मभर तिथल्याच झाल्या. 1957मध्ये काम कोसबाडला, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं.

मॉन्टेसरीची मूळ साधनं महागडी, ती पाड्यावर कुठून आणायची? म्हणून चिंचोके, शिंपले, पानं, गोटे साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली आणि अंगणवाडी जन्माला आली. 1975मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने हेच नाव देशभर नेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून जी मुलगी घरी राहायची, तिच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली, ती विकासवाडी. पद्धत कोणती, हा वाद घालण्याआधी मूल शाळेत का येत नाही हे या दोघींनी पाहिलं. आपल्याकडच्या निम्म्या चर्चा इथेच चुकतात.

मॉन्टेसरी म्हणजे मुलांना मोकळं सोडणं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात तिथला नवा शब्द शिकवण्याचा पाठ बघा. तो तीन टप्प्यांचा असतो. बाई खडबडीत आणि गुळगुळीत असे दोन तुकडे ठेवतात. पहिल्यांदा स्वतः सांगतात : हे खडबडीत, हे गुळगुळीत. मग विचारतात : खडबडीत कोणतं, दाखव बरं. शेवटी एकावर बोट ठेवून : हे कसं आहे? तिसऱ्या टप्प्यावर मूल अडखळलं, तर बाई रागावत नाहीत, दुरुस्तही करत नाहीत. पाठ तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घेतात. यात स्वच्छ सांगणं आहे, उजळणी आहे, तपासणी आहे. पंतोजींच्या पद्धतीत जे कामाचं होतं, ते सगळं इथे आहे; फक्त भीती नाही.

म्हणूनच पुढे जे घडलं ते खटकतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलाने करून पाहत स्वतः शिकण्याचं, काम मेहनतीने उभं केलं. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. जून 2015मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या वर्गांत फरशीवर अक्षरं, आकडे, घड्याळं रंगली. रंग एका सुट्टीत लावता येतो. कोणत्या मुलाला आज कोणतं अक्षर अडलं, हे रोज लिहून ठेवायला मात्र शिक्षकाला वेळ आणि मन लागतं, आणि जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती यांतून ते शिल्लक राहील तर ना! नवी पद्धत अनेक ठिकाणी भिंतीवर राहिली, हे त्यामुळे. खापर पद्धतीवर फुटलं.

जुन्याचा अभिमानही कधी कधी असाच वरवरचा असतो. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असंही वाचायची सोय दिली. आपण पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. लहान मुलं 25चे 52 करतात ते यामुळेच. जोडाक्षरांचा त्रास वेगळा. मंगला नारळीकरांच्या गणित समितीने हे शांतपणे समजावून सांगितलं. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हतेच. तरी विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत विनोदच जास्त झाले.

नंदाखालच्या मुलापुढे आणखी एक पायरी असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं हे जन्मगाव, साहित्य संमेलनाला अध्यक्ष देणारं. पण इथल्या कितीतरी कुपारी ख्रिस्ती घरांत बोलतात ती सामवेदी बोली. शाळेची प्रमाण मराठी तिच्यापेक्षा वेगळी, आणि हल्ली पालकांची धाव इंग्रजी माध्यमाकडे. अशा मुलाला “तूच शोधून काढ” म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, इंग्रजी बोलणारी माणसं आहेत, ते मूल शोधेलही, बाकीच्यांचं काय? अमेरिकेत 1968 साली गरीब मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ हा प्रचंड प्रयोग सुरू झाला. वेगवेगळ्या पद्धतींची तुलना झाली, तेव्हा पायरी-पायरीने थेट शिकवणारी पद्धत वाचन-गणितात पुढे निघाली. मुलांचा आत्मविश्वासही तिथे वाढलेला दिसला. शोधपद्धतीच्या चाहत्यांना हा निकाल अजून पचलेला नाही.

माझं मत सांगतो. तिसरीपर्यंत वाचन आणि आकडेमोड सरळ, क्रमाने, रोज शिकवावी. पाढे पाठ हवेतच. पण बे चोक आठ म्हणजे चिंचोक्यांच्या चार जोड्या, हे आधी हाताने कळलेलं असावं. समजावून सांगताना मुलाच्या घरची बोली वर्गात खुशाल येऊ द्यावी. आणि प्रकल्प, शोध, वादविवाद? ते जरूर हवेत, पण हाती थोडं भांडवल जमल्यावर. शाळा निवडणाऱ्या पालकांना एकच विनंती : रंगवलेल्या भिंती आणि माध्यमाची पाटी पाहून परत फिरू नका. एखाद्या मुलाला वाचता येत नसेल तर तुम्ही नेमकं काय करता, एवढं वर्गशिक्षकांना विचारा.

पुढच्या लेखांकात परीक्षा. पाचवी आणि आठवीत मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद महाराष्ट्राने 2023मध्ये पुन्हा आणली आहे.