हवालदार, जुमलेदार, हजारी : शिवकालीन लष्करी हुद्द्यांचा क्रम

जुन्या दप्तरांची यादी करितांना कागदावरील हुद्दा पाहून त्या मनुष्याची योग्यता ठरविण्याचा प्रघात आहे. 'हवालदार' हा शब्द दिसला कीं डोळ्यांपुढें बाहीवर तीन फिती लावलेला शिपाई उभा राहतो, आणि कागद किरकोळ रुमालांत बांधला जातो. वस्तुतः तो एखाद्या किल्ल्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा असूं शकेल. हुद्द्याचा शब्द ज्या खात्याचा असेल त्या खात्याच्या उतरंडींत ठेवूनच वाचला पाहिजे, असें आमचें मत आहे.

या विषयीं मुख्य आधार कृष्णाजी अनंत सभासद याचा. त्यानें १६९७ सालीं जिंजीस लिहिलेल्या बखरींत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी, पांच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. आतां गुणाकार करून पाहावा. जुमला १२५ स्वारांचा होतो, हजारी १,२५० स्वारांचा, व पंचहजारी ६,२५० स्वारांचा. म्हणजे 'हजारी' या नांवांतील हजार अक्षरशः घ्यावयाचे नाहींत.

पायदळांत क्रम नाइकापासून लागतो. नाइकाची तुकडी नऊ-दहा पाइकांची. पांच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. शब्द तेच, परंतु मोल निराळें. पागेच्या जुमलेदारास सालीना ५०० होन, हजारीस १,००० व पंचहजारीस २,००० होन. पायदळाच्या जुमलेदारास १०० आणि हजारीस ५००. पायदळाचा हजारी वेतनानें पागेच्या जुमलेदाराच्या बरोबरीचा ठरतो! तेव्हां नुसतें 'जुमलेदार' असें टिपून भागत नाहीं. पागेच्या जुमलेदाराजवळ मजमदार असे, पायदळाच्या जुमलेदाराजवळ सबनीस; कागदांत यांपैकीं कोणाचा उल्लेख आहे हें पाहिल्यास निर्णयास पुष्कळ साह्य होतें.

किल्ल्यावर मात्र ही उतरंड लागू नाहीं. तेथें हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे समान दर्जाचे, आणि किल्ल्या हवालदाराकडे. 'हवाला' म्हणजे स्वाधीन केलेली वस्तु. कोणाच्या हवालीं पंचवीस घोडीं, कोणाच्या हवालीं अवघा गड. 'सरनोबत' शब्दाचीही तीच गत. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर हे सर्व घोडदळाचे सरनोबत, येसाजी कंक पायदळाचे. आणि गडागडावर एकेक सरनोबत होताच. १६७४ सालीं राज्याभिषेकप्रसंगीं अष्टप्रधानांस संस्कृत नांवें मिळालीं, त्यांत लष्कराच्या सरनोबताचा 'सेनापति' झाला व हंबीरराव मोहिते त्या पदीं होते. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, म्हणून हा पालट आम्हांस प्रिय वाटतो हें खरें. पण त्यानें एक संदिग्धताही मिटली. गडावरचा सरनोबत कांहीं सेनापति झाला नाहीं.

मोगली 'पंचहजारी' तर सर्वस्वी भिन्न. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें संभाजीराजांस पंचहजारी मनसब मिळाली, तेव्हां त्यांचें वय आठ वर्षांचें होतें. मनसबीनें दरबारांतील मान व बाळगावयाच्या स्वारांची संख्या ठरे. सभासदाच्या पंचहजारीसारखा तो फौजेच्या रचनेंतील एक टप्पा नव्हे.

पुढें नाईक व हवालदार हे शब्द कंपनीच्या पलटणींत गेले. तेथें हवालदार हा जमादार व सुभेदार यांच्या हाताखालचा झाला. आजही भारतीय सैन्यांत नाइकास दोन फिती व हवालदारास तीन. आपल्या मनांत बसलेलें चित्र तें हेंच.

मोडी वाचतांना आणखी एक सावधगिरी बाळगावी. 'जुमलेदार' आणि 'जमादार' हे दोन वेगळे शब्द आहेत. घाईचें अक्षर असल्यास एकाचा दुसरा सहज होतो, आणि मग सवाशें स्वारांचा नायक यादींत जमादार म्हणून चढतो.