नकुशी : या नावाचा अर्थ काय?

आज एका नावाबद्दल बोलू. नकुशी. कुठं नकुसा म्हणतात, कुठं नकोशी. शब्द रोजचाच आहे. ऊन नकोसं होतं, दुखणं नकोसं होतं, तोच हा शब्द. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिला हे नाव ठेवायचं. म्हणजे देवाला कळतं आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत.

कुणी म्हणेल, धोंडू, दगडू, केरू हीसुद्धा तसलीच नावं की! तसं नाही. पूर्वी लेकरं जगत नसत, तेव्हा नजर लागू नये म्हणून अशी हलकी नावं ठेवत. तिथं लेकरू हवं असायचं. नकुशीच्या नावात ते लेकरूच नको असतं. आणि हे आपल्याकडंच आहे असंही नाही. हरियाणात भतेरी नाव आहे, म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. बंगालात आन्नाकाली, म्हणजे ‘काली माते, आता आणखी नको’.

आता नावानं मुलगा होतो का? बाईकडून बाळाला फक्त एक्स गुणसूत्र मिळतं. पुरुषाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासूनं आधी आपल्या लेकाकडं बघावं! नाव मात्र त्या पोरीला चिकटतं. शाळेत हजेरी घेताना रोज सगळ्यांसमोर ‘नको’ ऐकायचं.

22 ऑक्टोबर 2011 ला साताऱ्यात 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी नटीचं, ऐश्वर्यासुद्धा झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. नावं बदलली, पण गर्भातच नको झालेल्या मुलींना तर नावसुद्धा मिळालं नाही.

तुमच्या वस्तीत अशी कुणी असेल तर तिला आधी विचारा, तुला कोणतं नाव आवडेल? मुलगी शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना भेटा, शाळेत असतानाच बदल करून घेणं सोपं जातं. शाळा सुटलेली असेल तर शासकीय राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. मग त्याच कागदावर आधार आणि बँकेचं पासबुक बदलून घ्या.