'हत्याकांड' आणि 'क्रमिक हत्या' : एक संज्ञाविचार

संज्ञेची व्याप्ती निश्चित नसली की विचारातही संदिग्धता शिरते. 'हत्याकांड' ही अशीच एक संज्ञा होय. एकाच वेळी अनेकांना ठार मारणे आणि कालांतराने एकामागून एक जीव घेणे, या दोहोंनाही मराठीत हाच शब्द लावतात. गुन्हेशास्त्र मात्र त्यांत भेद करते. १९३० साली बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी पेटर क्यूर्टेनसंबंधी लिहिताना 'क्रमिक हत्यारा' या अर्थाचा जर्मन शब्द योजला. पुढे २००५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेत जी व्याख्या मान्य झाली, तिचा आशय असा : त्याच गुन्हेगाराने अथवा गुन्हेगारांनी निरनिराळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक व्यक्तींचा केलेला वध. या व्याख्येत हेतूचा उल्लेख नाही, आणि गुन्हेगार एकटाच असावा अशी अटही नाही.

या दोन्ही गोष्टींचे महत्त्व महाराष्ट्रातील तीन प्रकरणांवरून ध्यानी येते. मुंबईत १९६८ साली पकडलेला रामन राघव रात्री निजलेल्या गरिबांवर घाव घालीत असे. तो मनोविकाराने ग्रस्त असल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले व १९८७ साली त्याची फाशी रद्द झाली. पुण्यात १९७६-७७ मधील जोशी-अभ्यंकर हत्यांत चौघे विद्यार्थी होते. घरात शिरून बांधणे, गळा आवळणे व लूट करणे ही त्यांची रीत. त्यांना १९८३ साली फाशी झाली.

तिसरे प्रकरण मानवतचे, १९७२ ते १९७४ या काळातील. मानवत आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव ही दोन्ही तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. म्हणून या भागातील अभ्यासकास हे उदाहरण दूरचे नाही. येथील बळी प्रामुख्याने स्त्रिया व मुली होत्या, आणि गुप्तधनप्राप्तीसाठी नरबळी हा हेतू अभियोगपक्षाने मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्णय माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीला कितपत पुष्टी हवी, या चर्चेसाठी आजही अभ्यासला जातो.

विकृती, लोभ आणि अंधश्रद्धा असे हे तीन भिन्न हेतू. क्रम मात्र समान. 'क्रमिक हत्यारा' म्हणताच एकाकी वेड्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते फक्त पहिल्याच प्रकरणास लागू पडते. मानवतला तेच चित्र लावल्यास हत्येमागील समजुतीचा विचारच सुटतो. ती समजूत एका व्यक्तीची नव्हती. किंबहुना महाराष्ट्रास २०१३ साली नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तात्पर्य, संज्ञेने क्रम सांगावा. हेतूचा शोध प्रत्येक प्रकरणी नव्यानेच घेतला पाहिजे.