व्यवहारातील कलन व आव्यूह

जबलपूरच्या घमापुर भागात धान्याचे गोदाम चालविणारा एक दुकानदार आपण कल्पू. वर्षाकाठी त्याची तांदळाची ३,६०० पोती खपतात. थोडा थोडा माल मागविला तर दर खेपेस गाडीभाडे व हमाली अंगावर येते. एकदम पुष्कळ मागविला तर भांडवल अडकते, व्याज चढते आणि उंदीर व ओल यांचा उपद्रव सुरू होतो. तेव्हा एका खेपेस किती पोती मागवावीत? दुकानदार हे अंदाजाने ठरवितो. त्याचा मुलगा वाणिज्य महाविद्यालयात कलन शिकतो खरा, परंतु ते परीक्षेपुरते पाठ करावयाचे, अशी त्याची समजूत आहे. अंदाज चुकला तर कर्जाऊ रक्कम विनाकारण गुंतून पडते. म्हणून या दोघांची गाठ घालून देणे अगत्याचे आहे.

कलन म्हणजे बदलाचे गणित होय. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा, विचार आहे. व्यापारी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो: आणखी एक पोते वाढविले तर खर्च किती बदलेल? या बदलाच्या दरास अवकलज म्हणतात.

एका मागणीचा खर्च ५०० रुपये आणि एक पोते वर्षभर सांभाळण्याचा खर्च ४० रुपये धरू. खेपेस ‘क्ष’ पोती आणली तर खेपा ३,६०० ÷ क्ष होतात आणि मागणीचा खर्च १८,००,००० ÷ क्ष रुपये येतो. माल सारखा खपत जातो, म्हणून गोदामात सरासरी क्ष ÷ २ पोती असतात; त्यांचा सांभाळ २० × क्ष रुपये होतो. क्ष वाढेल तसा पहिला खर्च घटतो व दुसरा वाढतो. जेथे घट आणि वाढ तुल्यबळ होतात, तेथे एकूण खर्चाचा अवकलज शून्य होतो:

२० − १८,००,००० ÷ क्ष² = ०

यावरून क्ष² = ९०,००० आणि क्ष = ३००. म्हणजे महिन्यास एक खेप; वर्षाचा खर्च ६,००० + ६,००० = १२,००० रुपये. खेपेस १०० पोती आणली तर तोच खर्च २०,००० होतो. परंतु ४०० आणली तर केवळ १२,५००. तळाजवळ वक्र सपाट असतो, म्हणून तेथे थोडी चूक क्षम्य ठरते. हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडले.

आता दुसरे साधन पाहू. पुष्कळ अज्ञात संख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, तेव्हा आव्यूह उपयोगी पडतो. आव्यूह म्हणजे ओळी व स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांचा चौकोन. सिल्व्हेस्टर यांनी त्यास १८५० साली नाव दिले आणि केली यांनी १८५८ साली त्याचे बीजगणित रचले. एका कारखान्यात कपाटास ४ पत्रे व ६ तास, तर पलंगास २ पत्रे व ५ तास लागतात असे समजा. ८० पत्रे व १६० तास पुरते वापरावयाचे आहेत. आव्यूहाचा निर्धारक ४ × ५ − २ × ६ = ८ येतो आणि उत्तर १० कपाटे व २० पलंग असे मिळते.

कामाचे ८ तास वाढले तर? कपाटे दोनांनी घटून ८ होतात आणि पलंग चारांनी वाढून २४ होतात. साधने वाढूनही एक उत्पादन घटते, हे केवळ अंदाजाने सहसा सुचत नाही. व्यस्त आव्यूह एकदा काढून ठेवला की अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गुणाकाराने मिळते. मात्र पलंगास ५ ऐवजी ३ तास लागले असते, तर निर्धारक शून्य झाला असता. मग दोन्ही साधने एकाच प्रमाणात खर्च होतात आणि एकच एक निश्चित उत्तर संभवत नाही.

हीच रीत विस्तारून लिओन्टिएफ यांनी संपूर्ण देशातील उद्योगांची परस्पर देवघेव मांडली; त्यांस १९७३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवावे: सूत्र शेवटी येते. प्रथम कोणता खर्च कशामुळे वाढतो, हे हिशेबाच्या वहीतून शोधावे, गृहीतके लिहावीत, आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळावे. खप दरमहा सारखा नसेल, तर वरील तीनशेचा आकडा त्या दुकानास लागू पडणार नाही. गणित निर्णय घेत नाही. निर्णयाची किंमत मात्र ते आधी सांगते.