एकाच छपराखालील दोन वाटा

हायस्कूल म्हटले की फळा, बाके, पुस्तके आणि फार तर एखादी प्रयोगशाळा एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पुष्कळशा हायस्कुलांचे रूप याहून निराळे होते. इमारतीच्या एका टोकास रसायनाची प्रयोगशाळा असे, दुसऱ्या टोकास करवती आणि लेथ यंत्रांची कार्यशाळा असे, आणि दोहोंकडील मुले एकाच घंटेच्या टोल्यावर एकाच ओसरीतून ये-जा करीत. या शाळांत शास्त्र, गणित व व्यवसाय हे विषय कसे शिकवीत आणि त्या व्यवस्थेत कोणती उणीव राहिली, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

अशी शाळा निर्माण होण्यास कारणही तसेच होते. १९०० साली अमेरिकेत सतरा वर्षांच्या शंभर मुलामुलींपैकी अवघी सहाच्या आसपास हायस्कूल पूर्ण करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. एवढी सारी मुले महाविद्यालयात जाणार नव्हती. त्यांतील कित्येकांना शेतात, गिरणीत किंवा कचेरीत कामास लागावयाचे होते. त्यांच्यासाठी १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि शेती, उद्योगधंदे व गृहशास्त्र यांच्या शिक्षणास केंद्र सरकारचे द्रव्य मिळू लागले. या कायद्याची एक अट मोठी मार्मिक होती. शेतीच्या विद्यार्थ्याने वर्षातून निदान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीचे काम केलेच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. नुसत्या पाठांतरावर उत्तीर्ण होण्याची सोय त्यामुळे राहिली नाही.

हायस्कूल बहुधा चार वर्षांचे असे. महाविद्यालयाकडे जाणारा विद्यार्थी नवव्या इयत्तेत बीजगणित आणि दहावीत भूमिती घेई. पुढे पुन्हा बीजगणित व त्रिकोणमिती. शास्त्रांचा क्रमही ठरलेला असे. प्रथम जीवशास्त्र, मग रसायन आणि शेवटच्या वर्षी पदार्थविज्ञान. या शेवटच्या विषयापर्यंत पोहोचणारे विद्यार्थी थोडे असत. बाकीच्यांसाठी 'सामान्य गणित' असे. त्यात व्याज, शेकडेवारी, कर आणि घरखर्चाचे हिशेब शिकवीत.

कार्यशाळेत मुले रंधा, पटाशी, कानस यांपासून प्रारंभ करून लेथपर्यंत जात. कोठे मोटारीचे इंजिन उघडून पुन्हा जोडण्यास शिकवीत, तर कोठे यंत्रांचे आराखडे काढावयास लावीत. येथे गणित नव्हते असे मात्र कोणी समजू नये. इंचाचे सोळा भाग पाडलेली मोजपट्टी हाती आली की अपूर्णांक आपोआप जिवंत होतात. ३/८ इंच जाडीच्या फळीवर ५/१६ इंचाची दुसरी फळी बसविली, तर एकूण जाडी ११/१६ इंच होते; हे उत्तर चुकले तर कागदावर लाल रेघ उमटत नाही, सांधाच बसत नाही. छपराचा उभार ३ फूट आणि आडवे अंतर ४ फूट असेल तर वासा ५ फूट लागतो. भूमितीच्या तासाला ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात, तोच सुतार आपल्या गुण्याने लाकडावर आखीत असतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने ८३.६ किलो वजनाचा स्पुटनिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत सोडला आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. आपल्या शाळा शास्त्रात मागे पडल्या, असा आक्रोश सुरू झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. प्रयोगसाहित्यास व शिक्षकांच्या प्रशिक्षणास त्यातून पैसा मिळालाच. शिवाय चाचण्या घेऊन हुशार मुले हेरण्यास व त्यांना सल्ला देणारे मार्गदर्शक शाळांतून नेमण्यासही मिळाला.

अभ्यासक्रमाच्या सुधारणेचे प्रयत्न याच सुमारास जोरात होते. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेत जेरोल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने १९५६ साली पदार्थविज्ञानाची समिती स्थापन झाली होती. तिने १९६० साली नवे पाठ्यपुस्तक काढले. त्यात सूत्रे पाठ करण्याऐवजी उथळ तबकातील पाण्यावर लाटा उठवून, त्यांवरून प्रकाशाचे वर्तन समजून घेण्यास सांगितले होते. गणितात एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली १९५८ पासून 'नवे गणित' आकारास आले. संच आणि निरनिराळ्या पायांवरील संख्यालेखन हे त्याचे विशेष. दहाऐवजी पाच हा पाया धरून २३ लिहिले, तर त्याचा अर्थ दोन पाच आणि तीन, म्हणजे आपले १३, असा होतो. कल्पना सुंदर होती. परंतु पालक गोंधळले, अनेक शिक्षकांची पुरेशी तयारी नव्हती, आणि १९७० नंतर ही लाट ओसरली.

आता उणिवेकडे वळू. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ साली या शाळांवर प्रसिद्ध अहवाल लिहिला. सर्व थरांतील मुले एकाच शाळेत असावीत हे तत्त्व त्यांनी उचलून धरले. पण छप्पर एक असले तरी त्याखालील वाटा दोन होत्या, आणि कोणी कोणत्या वाटेने जावे हे चौदाव्या-पंधराव्या वर्षीच बरेचसे ठरून जाई. गरीब मजुराच्या मुलास कार्यशाळेकडे वळविणे सोपे असे. मुलींच्या वाट्यास गृहशास्त्र व टंकलेखन येई. शिक्षणात स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला. दक्षिणेकडील राज्यांत तर कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाच कायद्याने वेगळ्या होत्या आणि तेथे प्रयोगसाहित्याची अनेकदा वाण असे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली तो भेद अवैध ठरविला, तरी त्याची अंमलबजावणी व्हावयास पुढे अनेक वर्षे लागली.

या विचाराचे पडसाद आपल्या देशातही उमटले होते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली. त्या आयोगावर एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञही होते. म्हणून ही दूरदेशीची हकीकत आपणांस अगदीच परकी नाही. हाताने काम करणारास शास्त्र नको आणि शास्त्र शिकणारास हात मळवावयास नकोत, ही समजूत येथेही खोलवर रुजलेली आहे. प्रयोगशाळा व कार्यशाळा शेजारी बांधणे हे गवंड्याचे काम आहे. एकीतून दुसरीत जाण्याचे दार प्रत्येक मुलामुलीस उघडे ठेवणे हे समाजाचे काम आहे. अमेरिकेने पहिले काम फार चांगले केले. दुसरे तिला अवघड गेले, आणि ते आपणांसही सोपे नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.