माणदेश : माळाचे वैभव आणि आभाळाचा विस्तार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची नावे घेतली, की कृष्णाकाठची ऊसशेती, महाबळेश्वरचे धुके, कासचे पुष्पपठार आणि चांदोलीचे दाट अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. याच दोन जिल्ह्यांच्या पूर्वेकडे मात्र एक वेगळेच जग पसरलेले आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांच्या वाट्याला पाऊस कमी, झाडे विरळ आणि आभाळ मात्र अफाट आले आहे. 'दुष्काळी पट्टा' या दोन शब्दांत त्याची ओळख संपवण्याची सवय आपल्याला जडली आहे. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. हा प्रदेश असा का घडला, येथील आभाळ इतके मोठे का भासते आणि या माळावर नेमके काय जपण्याजोगे आहे, हे समजून घेणे आज अधिक गरजेचे झाले आहे. कारण हा माळ वेगाने बदलतो आहे.

शंभर किलोमीटरच्या आत दोन हवामाने

महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीच्या परिसरात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एकाच जिल्ह्यात पावसाचे प्रमाण दहापटींहून अधिक बदलावे, याचे कारण सह्याद्री होय. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक पाऊस तेथेच रिता करतात. घाटमाथा ओलांडून खाली उतरताना तीच हवा पुन्हा तापते व कोरडी होते. ढग पुढे सरकतात, पण पाऊस देण्याची त्यांची ताकद ओसरलेली असते. या पट्ट्याला भूगोलात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात.

शास्त्रीय परिभाषेत हे हवामान निमशुष्क ठरते. वाळवंट म्हणजे केवळ वाळू नव्हे आणि निमवाळवंट म्हणजे केवळ उजाडपणाही नव्हे. जितके पाणी आभाळातून येते, त्याहून कितीतरी अधिक पाणी ऊन आणि वारा शोषून घेऊ शकतात, अशी स्थिती वर्षातील बहुतेक महिने जेथे असते, तो प्रदेश निमशुष्क. त्यातही पाऊस लहरी असतो. जून-जुलैमध्ये पश्चिमेकडे नद्यांना पूर आलेले असताना येथे नुसता वारा घोंघावत असतो. खरा भरवसा असतो तो परतीच्या पावसावर. म्हणूनच सप्टेंबर हा येथील सर्वांत पावसाचा महिना मानला जातो आणि उत्तरा व हस्त ही नक्षत्रे कशी जातात, यावर शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, भवितव्य ठरते.

क्षितिज उघडे का?

या भूमीचे रूप घडवण्यात खडकाचाही वाटा मोठा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. हे थर बहुतांशी आडवे असल्याने येथील टेकड्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. माथ्यावर मुरूम, उतारावर उघडा कातळ आणि ओढ्यानाल्यांच्या काठी थोडी काळी माती, अशी साधारण रचना असते. पातळ मातीत आणि तुटपुंज्या पावसात दाट वन उभे राहत नाही. गवत, खुरटी झुडपे आणि मध्येच एखादी बाभूळ, हिवर किंवा बोर एवढेच काय ते उभे राहते. परिणामी दृष्टीला आडवे येणारे काहीच नसते.

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असते. शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर तो चढला, की तेच क्षितिज सुमारे पस्तीस किलोमीटर दूर जाते. खटाव तालुक्यातील भूषणगडासारख्या एकाकी उभ्या किल्ल्यावरून किंवा माणमधील महिमानगड, वारूगड यांच्या माथ्यावरून चहूबाजूंना जो मुलूख दिसतो, त्याचे रहस्य या साध्या गणितात आहे. शहरातील गल्लीत आभाळाची एक पट्टी वाट्याला येते. येथे आभाळ पायाशी टेकलेले असते. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला काळाकुट्ट ढग आणि तिसरीकडे दूरच्या गावावर कोसळणारी सर, अशी तीन दृश्ये येथे एकाच वेळी दिसू शकतात.

रंगांचेही असेच आहे. हवेतील रेणू सूर्यप्रकाशातील निळा रंग अधिक विखुरतात, म्हणून आभाळ निळे दिसते. हवेत दमटपणा किंवा धूळ वाढली, की त्या निळाईवर पांढुरकी साय चढते. पावसाने धूळ बसलेली आणि हवा कोरडी होऊ लागलेली असते त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माणदेशाचे आभाळ सर्वांत गडद निळे दिसते. उलट चैत्र-वैशाखात वावटळी माळावरची धूळ उंच नेतात. मग दुपारचे आभाळ फिकट होते आणि संध्याकाळी सूर्याचा गोळा तांबूस होऊन मावळतो.

ढगांचे आणि ताऱ्यांचे पंचांग

येथील शेतकऱ्याइतके आभाळ क्वचितच कोणी निरखत असेल. वैशाखाच्या अखेरीस दुपारनंतर ढग उभे चढू लागतात आणि विजांच्या कडकडाटात वळीव येतो. आषाढात ढगांचे कळप पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत जातात. त्यांच्या सावल्या माळावरून सरकतात, थेंब मात्र पडत नाही. कधी ढगाखाली पावसाच्या करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण जमिनीवर पोहोचण्याआधीच कोरड्या हवेत विरून जातात. पाहुण्याला हे दृश्य मोहक वाटते. ज्याच्या शेतात बाजरी करपत असते, त्याला ते जिव्हारी लागते. माणदेशाच्या सौंदर्याबद्दल बोलताना ही दुसरी बाजू विसरून चालत नाही.

पावसाळा सरला, की रात्रीचे आभाळ उघडते. ढग नाहीत, हवा कोरडी आणि मोठी शहरे दूर, त्यामुळे हिवाळ्यात कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मृग आणि व्याध लख्ख दिसतात. दक्षिणेचे क्षितिज मोकळे असण्याचा आणखी एक लाभ असा, की अगस्त्याचा तेजस्वी तारा येथून क्षितिजावर वीस अंशांपर्यंत चढलेला दिसतो. मे महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी त्रिशंकूचे चार तारेही दक्षिणेला बारा-तेरा अंशांवर उभे असतात. इमारतींच्या आड राहणाऱ्या शहरवासीयाला ते सहसा दिसत नाहीत. उन्हाळ्यातल्या उत्तररात्री वृश्चिक आणि धनू राशींच्या भागातील आकाशगंगेचा दाट पट्टा उजळतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही; केवळ काळोख लागतो.

ओसाड नव्हे, गवताळ

'येथे पूर्वी घनदाट जंगल होते, ते माणसाने तोडले आणि मग माळ उघडा पडला', हा समज सर्वत्र रूढ आहे. काही डोंगरउतारांबाबत तो खराही असेल, पण सरसकट नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्ययुगीन मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांना आढळलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ वनस्पती गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशाची खूण सांगणाऱ्या होत्या. शिखर शिंगणापूरच्या स्थापनेच्या कथेतही गुराख्यांना ओढून घेणारा गवताचाच मुलूख येतो. पश्चिम महाराष्ट्रातील ही माळराने किमान साडेसातशे वर्षे जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे माळ हा उजाड झालेल्या जंगलाचा अवशेष नव्हे. ती स्वतंत्र, प्राचीन निसर्गव्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे रहिवासीही तिच्याच रंगाचे. कुसळी आणि पवना गवतात लांडगा, खोकड, ससा वावरतात. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून तरंगत जातात. खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. कोरड्या मुलखातील हा गुलाबी थवा पाहण्यासाठी पक्षिमित्रांची पावले दरवर्षी तिकडे वळतात. मायणी परिसराला २०२१ मध्ये, तर आटपाडीतील ९.४८ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला २०२३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हे पाऊल महत्त्वाचे असले, तरी माळाच्या एकंदर विस्तारापुढे ते लहानच आहे. देशाच्या भूभागापैकी सुमारे दहा टक्के भाग अशा खुल्या निमशुष्क परिसंस्थांचा असून, त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्राला संरक्षण आहे, असे एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. सरकारी नोंदींत ही जमीन अनेकदा 'पडीक' या एकाच सदरात जाते आणि पडीक म्हटले, की तिचे काहीही करायला मोकळीक मिळते.

माळाने घडवलेली माणसे

या माळाचा खरा जाणकार मेंढपाळ धनगर. पावसाळ्यात कळप माळावर राखायचे आणि दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पाणी-चाऱ्याच्या मुलखाकडे निघायचे, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पाऊस कमी, पण गवत कसदार, या समीकरणातूनच चपळ खिलार बैल आणि जतकडची माडग्याळ मेंढी या जाती नावारूपाला आल्या. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

साहित्यातही या भूमीने आपली जागा मिळवली. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९ मध्ये आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे झाला. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' आणि १९५५ मधील 'बनगरवाडी' या पुस्तकांनी येथील माणूस मराठी वाचकाच्या घरात नेऊन पोहोचवला. 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळाने गाव रिकामे होण्यात होतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गाव सोडणे हे या प्रदेशाचे जुनेच प्राक्तन. खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी बाहेर पडलेली कुटुंबे आज देशभरातील शहरांत आढळतात.

पाणी आले, पुढे काय?

पाण्यासाठीचा संघर्ष येथे दीर्घकाळ चालला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत भरणाऱ्या पाणी परिषदांनी कृष्णेच्या पाण्यावरील दुष्काळी तालुक्यांचा हक्क ठामपणे मांडला. समन्यायी वाटपाची मागणीही त्यातूनच पुढे आली. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने या तालुक्यांत पोहोचू लागले आहे. डाळिंब आणि द्राक्षांच्या बागा वाढल्या, काही शिवारांत ऊसही उभा राहिला. ज्यांनी टँकरची वाट पाहत आयुष्य काढले, त्यांच्या दारी पाणी आले याचे स्वागतच करायला हवे. माळाचे सौंदर्य टिकावे म्हणून माणसांनी तहानलेले राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न आहे तो पाण्यासोबत येणाऱ्या बदलांच्या दिशेचा. नांगराखाली गेलेले गवत सहजी परत येत नाही. चराईचे रान आक्रसले, की मेंढपाळाची वाट अडते. लांडग्याचे भक्ष्य कमी झाले, की तो कळपाकडे वळतो आणि नुकसान पुन्हा मेंढपाळाचेच होते. उघड्या माळावर खड्डे खणून बाहेरची झाडे लावण्याच्या मोहिमा सद्‌भावनेने होतात, पण ज्या जागी गवतच निसर्गतः योग्य आहे, तेथे ती झाडे सहसा जगत नाहीत आणि जगली तरी गवताची जागा घेतात. ढालगावच्या पठारावरील पवनचक्क्यांनी क्षितिजाचे रूप पालटले आहे. स्वच्छ ऊर्जा हवीच. मात्र माळावर उभे राहणारे मनोरे, तारा आणि रस्ते कोठून न्यावेत, याचा विचार गवत आणि पक्षी यांना रिकामी जागा न मानता झाला पाहिजे. रात्रीच्या दिव्यांबाबतही हेच म्हणता येईल. दिव्याचा झोत खाली वळवला, तर रस्ता उजळतो आणि तारेही शाबूत राहतात. त्याला फारसा खर्च येत नाही.

माणदेश पाहायचा तर साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा पंढरपूरकडे जाणारा रस्ता सोयीचा. सप्टेंबरअखेर गवत हिरवे असते, नोव्हेंबरपर्यंत ते सोनेरी होते आणि अमावास्येच्या आसपासच्या हिवाळी रात्री ताऱ्यांसाठी उत्तम. वाहन रस्त्यावरच ठेवावे, विणीच्या काळात माळ तुडवू नये आणि भेटलेल्या मेंढपाळाशी आवर्जून बोलावे. कोणत्या ओघळीला पाणी उरले आहे, कोणते गवत केव्हा पिकते आणि कोणता ढग खरा पाऊस देतो, हे त्याच्याइतके नेमके कोणत्याही नकाशात सापडत नाही. माळाचे नियोजन करताना शासनाने आधी त्याला विचारले, तर 'पडीक' या शब्दाचा फेरविचार करणे फारसे अवघड जाणार नाही.